मान वाकवावी की पडदा?



आजच्या विषयाचे नाव वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानाला उभा राहिला म्हणजे तो पगार, बोनस, कंत्राटी नोकरी यांवर बोलणार, अशी लोकांची अपेक्षा असते. मी मात्र आज संगणकाच्या पडद्याविषयी बोलणार आहे. आणि त्यातही तो किती उंच बसवावा, किती कलता ठेवावा व कामगाराला तो हवा तसा हलविता यावा यासाठी काय सोय करावी, एवढ्यापुरतेच. विषय लहान आहे हे मला मान्य आहे. पण दिवसाचे आठ तास आणि वर्षाचे तीनशे दिवस एखादी लहान गोष्ट मानेवर बसली, म्हणजे ती लहान राहत नाही. माझे शिक्षण शाळेत फारसे झाले नाही. जे शिकलो ते यंत्रावर, संघटनेच्या कचेरीत आणि रात्रीच्या वाचनात. तेव्हा पंडितांची परिभाषा मजजवळ नाही. फूटपट्टी, कोनमापक आणि कामगारांच्या तक्रारी एवढीच माझी सामग्री आहे.

पडदा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे वातानुकूलित कचेरी येते. प्रत्यक्षात तो आता सगळीकडे पोचला आहे. बँकेच्या काउंटरमागे, रेल्वेच्या आरक्षणखिडकीत, टोलनाक्याच्या खोक्यात, इस्पितळाच्या नोंदणीकक्षात तो आहे. कारखान्यात सीएनसी लेथवर तो यंत्राच्या अंगालाच जोडलेला असतो, आणि कामगार त्याच्यापुढे उभ्याने काम करतो. म्हणजे पांढरपेशा आणि निळ्या कपड्यातला असा जो भेद आपण करीत आलो, तो निदान मानेच्या दुखण्यापुरता तरी मिटला आहे.

मुळात, वाचावयाची वस्तू कलती ठेवावी ही कल्पना आपल्याला नवी नाही. जुन्या पेढीवर मुनीमजी मांडी घालून बसत, तेव्हा त्यांच्यापुढे उतरत्या फळीचे बुटके मेज असे. पुराणिकाची पोथी कातरीसारख्या उघडणाऱ्या लाकडी बैठकीवर ठेवलेली असते. छापखान्यात खिळे जुळविणाऱ्या माणसापुढे खिळ्यांचे खण उतरत्या चौकटीवर मांडलेले असत. आणि कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातला तो मोठा बोर्ड ज्यांनी पाहिला असेल, त्यांना आठवेल की नकाशा काढणारा माणूस पेच सैल करून तो बोर्ड स्वतःच्या उंचीप्रमाणे वरखाली करी आणि हवा तेवढा कलता ठेवी. या सर्वांमागे एकच साधे तत्त्व आहे. नजर ज्या सपाटीवर पडते, त्या सपाटीशी ती काटकोनात पडली, म्हणजे अक्षर सर्वत्र सारख्या अंतरावर राहते, ते चेपलेले दिसत नाही, आणि डोळ्याला पुन्हा पुन्हा नेम धरावा लागत नाही.

एका जागी बसून करावयाच्या कामाने शरीर झिजते, हेही जुनेच ज्ञान आहे. इटलीतील बेर्नार्दिनो रामाझिनी या वैद्याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला इतर प्रश्नांबरोबर 'तुझा धंदा कोणता?' हेही विचारावे, असा त्याचा वैद्यांना उपदेश होता. लेखनिकांच्या दुखण्याची त्याने तीन कारणे सांगितली: सतत बसणे, हाताची एकसारखी हालचाल आणि मनावरचा ताण. त्या काळी दौत-टाक होता. आज कळफलक आहे. कारणे तीच आहेत. पुढे १८५७ साली पोलंडमधील वोय्चेख यास्त्र्झेम्बोव्स्की या शास्त्रज्ञाने काम आणि माणसाचे शरीर यांचा मेळ घालणाऱ्या शास्त्राला एक ग्रीक धाटणीचे नाव दिले. त्यालाच आज 'अर्गोनॉमिक्स' म्हणतात. या शास्त्राचे सार एका वाक्यात सांगता येते: काम माणसाला जुळवून घ्यावे, माणूस कामाला नव्हे.

आता प्रत्यक्ष मोजमापाकडे वळू. माणसाच्या डोक्याचे वजन साधारण साडेचार ते पाच किलो असते. मान सरळ असली तर हे वजन मणक्यांच्या खांबावर नीट तोललेले राहते. डोके पुढे झुकले की ते वजन खांबाच्या बाहेर जाते आणि मागच्या स्नायूंना ते ओढून धरावे लागते. भरलेली बादली अंगालगत धरणे आणि तीच हात पुढे करून धरणे, यांत जो फरक आहे तोच येथे आहे. वजन तेवढेच असते, पण तरफेचा दांडा लांबतो. उलट, पडदा फार उंच असेल तर मान मागे मोडते, आणि डोळे मोठे उघडावे लागल्यामुळे ते लवकर कोरडे पडतात. पडद्याकडे टक लावून पाहताना पापण्या एरवीपेक्षा कमी वेळा मिटतात, हे तर सर्वांच्या अनुभवाचे आहे. नजर थोडी खाली असली की पापणी डोळ्यावर निम्मीशी उतरते आणि ओलावा टिकतो.

म्हणून जाणकार असे सांगतात की पडदा हातभर अंतरावर, म्हणजे साधारण ५० ते ७५ सेंटिमीटरवर असावा. त्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली असावी. आणि त्याचा मध्य क्षितिजरेषेखाली १५ ते २० अंशांवर यावा. अंश म्हटले की पुष्कळांना शाळेतली भूमिती आठवून धास्ती वाटते. त्यांच्यासाठी एक सोपा हिशेब आहे. ६० सेंटिमीटर अंतरावर एक अंश म्हणजे जवळजवळ एक सेंटिमीटर. तेव्हा १५ अंश खाली म्हणजे डोळ्यांच्या पातळीपासून सुमारे १६ सेंटिमीटर खाली. एवढे फूटपट्टीने कोणालाही मोजता येते.

नजर १५ अंश खाली जात असेल तर पडद्याची वरची कड तितकीच मागे कलली पाहिजे, म्हणजे काटकोन साधेल. तो साधला की नाही हे पाहण्यासाठी कोनमापकाची गरज नाही. खिशातला लहान आरसा पडद्याच्या मध्यावर सपाट टेकवून धरा. नेहमीसारखे बसून त्यात तुमचेच डोळे तुम्हांला दिसले, तर नजर काटकोनात पडते आहे. हनुवटी किंवा छाती दिसली तर पडदा आणखी मागे कलवा. डोक्यावरचे छत दिसले तर पुढे आणा.

येथे एक अडचण येते. पडदा मागे कलवला की छतावरचे दिवे त्यात चमकू लागतात. आरशाचा नियम असा आहे की आरसा १० अंश फिरला तर त्यातले प्रतिबिंब २० अंश फिरते. म्हणजे पडदा जरा जास्त कलला, तर पाठीमागे दोन-अडीच मीटरवर छताला असलेली ट्यूब थेट अक्षरांवर येऊन बसते. मग कामगार काय करतो? तो पडदा हलवीत नाही, कारण पुष्कळदा तो हलतच नाही. तो स्वतः वाकडा बसतो. मान डावीकडे काढून, एक खांदा खाली टाकून तो अक्षर शोधतो, आणि संध्याकाळी खांदा का दुखतो हे त्याला उमगत नाही. म्हणून पडदा बंद करून त्या काळ्या काचेत काय काय दिसते ते आधी पाहावे. खिडकी दिसली तर टेबल फिरवून पडदा खिडकीशी काटकोनात आणावा. दिवा दिसला तर दिवा सरकवावा किंवा त्यावर जाळी बसवावी. शेवटचा उपाय म्हणून पडद्याचा कल थोडा कमी करावा.

आता कोणी म्हणेल, माप ठरले आहे तर सगळे पडदे एकदाच त्या मापाने बसवून टाकावेत. हलविण्याची सोय कशाला? खरा प्रश्न येथेच आहे. पाच फूट उंचीची बाई आणि पाच फूट दहा इंच उंचीचा पुरुष एकाच खुर्चीवर बसले, तर त्यांच्या डोळ्यांच्या उंचीत दहा-बारा सेंटिमीटरचा फरक सहज पडतो. मघाच्या हिशेबाने हा दहा-अकरा अंशांचा फरक झाला. एकाला सोयीचा पडदा दुसऱ्याला जाचक होतो. उभ्याने काम करणाऱ्या लेथवरच्या कामगारांत तर हा फरक वीस-पंचवीस सेंटिमीटरवर जातो. त्यात चष्म्याची भर. चाळिशी उलटलेला माणूस बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा लावतो. त्याला जवळचे वाचायला काचेच्या खालच्या भागातून पाहावे लागते, म्हणून तो हनुवटी वर करून बसतो. त्याचा पडदा इतरांपेक्षा खाली आणि अधिक कलता हवा. तरुणाच्या मापाने बसविलेला पडदा हा वडीलधाऱ्या कामगाराला रोजची शिक्षा असते.

एका बिलिंग केंद्रात मी हे जवळून पाहिले. एकेका टेबलावर तीन पाळ्यांत तिघेजण बसत. पडदे एका ठोक उंचीच्या पायांवर होते. ते ना वर होत, ना खाली. उंच कामगारांनी पडद्याखाली कागदाचे रीम ठेवले होते, आणि पाळी बदलली की पुढची बाई ते रीम उपसून खाली ठेवी. एका भगिनीने मला विचारले, "दादा, खुर्ची वर घेतली तर पाय लोंबतात, खाली घेतली तर मान वर करावी लागते. मग करू तरी काय?" तिच्या प्रश्नाचे उत्तर तिच्यापाशी नव्हते, खुर्चीपाशीही नव्हते, ते पडद्याच्या पायाशी होते. आम्ही व्यवस्थापनाला पत्र दिले, तेव्हा तेथील अधिकारी हसून म्हणाले, "अहो, एवढ्याशा स्क्रूसाठी युनियनचं पत्र?" त्यांचे हसणे मी समजू शकतो. त्यांच्या स्वतःच्या टेबलावरचा पडदा हलत्या हाताचा होता. पुढे सहा महिने पत्रव्यवहार झाला, आणि निम्म्या टेबलांना हलते स्टँड मिळाले. उरलेल्या निम्म्यांसाठी बोलणी करावी लागली ती वेगळीच गोष्ट.

हा हलता स्टँड म्हणजे काय, तेही सांगतो. कारण मागणी करणाऱ्याला वस्तूची माहिती असली पाहिजे. चांगल्या स्टँडला चार हालचाली असतात: वर-खाली, पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे आणि कल. पुष्कळ सपाट पडद्यांच्या पाठीवर चार भोके असतात. ती सामान्यतः १०० मिलिमीटरच्या, लहान पडद्यांना ७५ मिलिमीटरच्या चौरसात असतात, आणि त्यांत एम-४ मापाचे पेच बसतात. हे व्हेसा नावाचे प्रमाण आहे. त्यामुळे एका कंपनीचा पडदा दुसऱ्या कंपनीच्या स्टँडवर चढविता येतो. खरेदी करताना ही भोके आहेत की नाहीत, एवढे पाहिले तरी पुढची कटकट वाचते.

टेबलाच्या कडेला आवळून बसणारा हात, ज्याला आर्म म्हणतात, तो घेतला तर तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, पडद्याचे वजन त्या आर्मच्या मर्यादेत आहे ना. कारण आतली स्प्रिंग वजनाप्रमाणे पेच फिरवून जुळवावी लागते. ती ढिली राहिली तर पडदा खाली बसतो, घट्ट झाली तर आपोआप वर उचलला जातो. दुसरी, टेबलाची फळी. भुशाच्या फळीची कड क्लॅम्पने दबून तुटते, म्हणून तिच्याखाली-वर लोखंडी पट्टी घालावी. तिसरी, तारा. पडदा पूर्ण पुढे ओढला तरी तार ताणली जाऊ नये एवढा सैलपणा ठेवावा. पडदा प्रथम चढविताना दोघांनी मिळून चढवावा. एकाने धरावा, दुसऱ्याने पेच लावावेत.

लॅपटॉपची गोष्ट निराळी. त्यात पडदा आणि कळफलक एकमेकांना जखडलेले आहेत. पडदा डोळ्यांच्या उंचीला आणला तर हात खांद्याशी येतात. हात नीट ठेवले तर मान वाकते. म्हणून दिवसभर काम करावयाचे असेल तर वेगळा कळफलक घ्यावा आणि लॅपटॉप उतरत्या स्टँडवर उचलून ठेवावा. हा स्टँड कोणताही सुतार करून देईल. दोन फळ्या एका कडेला बिजागरीने जोडाव्यात, खालच्या फळीला तीन-चार खाचा पाडाव्यात आणि वरच्या फळीला टेकू द्यावा. टेकू ज्या खाचेत बसवावा तसा कल बदलतो. लॅपटॉप घसरू नये म्हणून पुढे एक पट्टी ठोकावी. घरी बसून काम करणाऱ्यांना हे विशेष उपयोगी आहे, कारण तेथे टेबल स्वयंपाकघरातले असते आणि मालक दूर असतो.

मांडणीचा क्रम मात्र चुकवू नये. आधी खुर्ची: कोपर कळफलकाच्या उंचीला आले पाहिजेत. पाय लोंबत असतील तर खाली पाट द्यावा. मग अंतर, मग उंची, मग कल, आणि शेवटी दिव्यांची चमक. पुष्कळजण पडद्यापासून सुरुवात करतात आणि मग सगळे पुन्हा करावे लागते.

येथवर तंत्र झाले. आता हक्काकडे येतो. झुरिचचे प्राध्यापक एतिएन ग्रांजाँ आणि त्यांचे सहकारी यांनी १९८३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी कचेरीतल्या कामगारांना त्यांच्या नेहमीच्या जागी सगळे काही हलविता येईल अशी मेजे दिली, आणि ते स्वतः काय पसंत करतात ते मोजले. निष्कर्ष असा की प्रत्येकाची पसंती वेगळी होती, आणि पुस्तकातल्यासारखे ताठ बसण्यापेक्षा बहुतेकांनी पाठ थोडी मागे रेलून बसणे पत्करले. म्हणजे ज्याचे शरीर, त्याचेच माप. हे माप अधिकाऱ्याने किंवा तज्ज्ञाने ठरवून चालत नाही.

युरोपात हे तत्त्व कायद्यात उतरले. २९ मे १९९० च्या युरोपीय निर्देशात असे बंधन घातले गेले की पडदा कामगाराच्या गरजेप्रमाणे सहज वळविता व कलविता आला पाहिजे, कळफलक त्यापासून वेगळा असला पाहिजे, पडद्यावर चमक नसावी, कामात विश्रांती किंवा बदल असावा आणि डोळ्यांची तपासणी व्हावी. ब्रिटनने १९९२ साली त्याप्रमाणे नियम केले. स्वीडनमध्ये तर पांढरपेशा कामगारांच्या 'टीसीओ' या महासंघाने १९९२ साली पडद्यांसाठी स्वतःचे प्रमाणचिन्ह काढले, आणि जगभरच्या कारखानदारांना ते चिन्ह मिळविण्यासाठी आपला माल सुधारावा लागला. कामगारांची संघटना वस्तूच्या घडणीवर अधिकार गाजवू शकते, याचा हा चांगला दाखला आहे.

आपल्याकडे संगणकाचा प्रश्न वेगळ्या बाजूने आला. बँकांत १९८३ साली संगणकीकरणाविषयी करार झाला, तेव्हा यंत्रे किती यावीत आणि नोकऱ्यांचे काय होणार, ही चिंता मोठी होती. आणि ती योग्यच होती. यंत्र आल्यावर ते टेबलावर कसे मांडावे, हा प्रश्न तिच्यामागे राहिला. १९४८ च्या कारखाना कायद्यात प्रकाशाविषयीच्या १७व्या कलमात, गुळगुळीत पृष्ठभागावरून परतणारी चमक आणि डोळ्यांना ताण देणाऱ्या सावल्या टाळाव्यात असे म्हटले होते. ४४व्या कलमात उभ्याने काम करणाऱ्यांच्या बसण्याची सोय सांगितली होती. २०२० साली संसदेने संमत केलेल्या संहितेत तो कायदा विलीन करण्यात आला. कामाची जागा इजा व रोग यांच्या धोक्यापासून मुक्त ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे, असे ही संहिता सांगते. पडद्याच्या कलाचे नाव तिच्यात नाही. पण दुकानातल्या विक्रेत्या स्त्रियांनी बसण्याचा हक्क मागितला, तेव्हा केरळात २०१८ साली आणि तमिळनाडूत २०२१ साली कायदा बदलला. मागितले नसते तर तोही बदलला नसता.

तेव्हा कराराच्या मसुद्यात पुढील गोष्टी घालाव्यात, अशी माझी सूचना आहे. नवीन घेतला जाणारा प्रत्येक पडदा उंची, कल आणि वळण यांत हलता असावा. तो हत्याराशिवाय, बसल्या जागी, स्वतः कामगाराला हलविता यावा. पाळी बदलताना मांडणी करण्यासाठी पाच मिनिटे पगारी वेळेत धरावीत. कारण ज्या केंद्रात खुर्चीत बसल्या क्षणापासून घड्याळ सुरू होते, तेथे हलता पडदाही कोणी हलवीत नाही. डोळ्यांची तपासणी मालकाच्या खर्चाने व्हावी. आणि दर तासाला थोडा वेळ उठण्याची मुभा असावी. ही शेवटची मागणी सोडून बाकीच्या मान्य होत असतील तर सावध राहावे. उत्तम कोनात बसविलेल्या पडद्यापुढेही माणूस सलग चार तास हलला नाही, तर त्याची मान दुखणारच. स्टँड हा विश्रांतीचा मोबदला नव्हे.

उद्या कामावर गेल्यावर एवढे करा. नेहमीसारखे बसून पडदा बंद असतानाच त्या काळ्या काचेत पाहा. स्वतःचे डोळे दिसले तर ठीक आहे. दिवा दिसला, छत दिसले किंवा नुसती छाती दिसली, तर पडद्याला हात घाला आणि तो हलतो का पाहा. हलला तर जुळवा, आणि शेजारच्यालाही जुळवून द्या. हलला नाही तर त्या टेबलाचा क्रमांक लिहून घ्या. अशा क्रमांकांची यादी झाली, म्हणजे ती आपल्या संघटनेच्या कचेरीत आणून द्या. पुढचे पत्र लिहिणे आमच्याकडे लागले.